दमा असताना ॲम्ब्युलन्सचा वेगळा विमा मिळतो का? चिपळूण ते कऱ्हाड साडेनऊ हजार गेले

कोकणची_लेक

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मला लहानपणापासून दमा आहे, आता वय ४१. चिपळूणपासून बारा-तेरा किलोमीटर आत गावात राहतो. मिस्टर लोट्याच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला, मी घरी शिवणकाम करते. एरवी औषधं वेळेवर घेतली की बरी असते पण पावसाळ्यात दोन-तीनदा तरी जोरात उठतो.

गेल्या जुलैत रात्री दोनला धाप लागली. लाईट गेलेली, नेब्युलायझर चालेना, पंप मारून मारून संपत आला, बोटाला लावायच्या मशीनवर ऑक्सिजन ८६ दाखवत होतं. त्या घाईत १०८ सुचलंच नाही कुणाला, शेजारच्या भाऊंनी ओळखीच्या खासगी ॲम्ब्युलन्सवाल्याला फोन केला. चिपळुणात एका दवाखान्यात नेलं तर तिथे रात्रीचे डॉक्टरच नव्हते, मग तसेच थेट कऱ्हाडला, कुंभार्ली घाटातून. पाऊस असा की समोरचं दिसत नव्हतं. मिस्टर एका हाताने माझा मास्क धरून बसलेले आणि दुसरा हात सिलिंडरवर, वळणावर तो घरंगळू नये म्हणून. ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

पहाटे सहाला पोचलो, सलाईन, नेब्युलायझेशन सगळं झालं, रात्री अकराला घरी सोडलं. हॉस्पिटलचं बिल चौदा हजार आणि ॲम्ब्युलन्सचे ९,५००, ते ड्रायव्हरने सांगितलेल्या नंबरवर जीपे केले, पावती काही मिळाली नाही आणि त्या वेळी मागायचं डोक्यातही आलं नाही.

माझी आरोग्य संजीवनी ही हेल्थ पॉलिसी आहे, तीन लाखांची, सप्टेंबर २०२३ मध्ये काढलेली, फॉर्मवर दमा आहे असं स्पष्ट लिहिलंय. क्लेम टाकला तर पूर्ण नाकारला, ॲम्ब्युलन्सचेही काही दिले नाहीत. पत्रात दोन कारणं, चोवीस तास भरले नाहीत आणि आधीच्या आजाराचं वेटिंग (तोवर त्या आजाराचा क्लेम देत नाहीत) चालू आहे.

तर विचारायचं असं की फक्त ॲम्ब्युलन्सचा म्हणून वेगळा विमा मिळतो का? दमा आहे म्हटल्यावर देतात का? आणि माझे २०१८ च्या ॲडमिटचे सगळे कागद २०२१ च्या पुरात गेले, बहिणीकडे चिपळुणात बाजारपेठेत ठेवलेले होते, तर नवीन पॉलिसी घेताना त्याचं काय करायचं? पुढच्या पावसाळ्याच्या आत काहीतरी मार्गी लावायचंय. साडेनऊ हजार म्हणजे आमचं महिन्याचं घर चालतं त्यात.

क्लेमवाले_काका

ताई, आधी तब्येत सांभाळा. मी बावीस वर्षं क्लेमच्या टेबलावर काढली, आता रिटायर आहे, त्यामुळे तुमचं पत्र न बघताही ते कसं असेल हे कळतं.

पहिली गोष्ट, आपल्याकडे नुसत्या ॲम्ब्युलन्सची अशी पॉलिसी सहसा विकत नाहीत, ती हेल्थ पॉलिसीच्या पोटात असते. काही मोठ्या शहरांत खासगी ॲम्ब्युलन्सवाल्यांची वार्षिक मेंबरशिप असते पण तुमच्या गावाला ती कितपत उपयोगाची. आणि पोटात असते म्हणजे कशी, तर हॉस्पिटलचा क्लेम पास झाला तरच ॲम्ब्युलन्सचे पैसे मिळतात. तो नाकारला की ॲम्ब्युलन्स आपोआप गेली. लोकांना वाटतं दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तशा त्या नाहीत.

तुमचं तेच झालं. पॉलिसीत हॉस्पिटलायझेशन म्हणजे सलग किमान चोवीस तास ॲडमिट, ठरावीक डे केअर प्रोसिजर (त्याच दिवशी घरी सोडतात असे उपचार) सोडून. दम्याचा अटॅक त्या डे केअरमध्ये बसत नाही आणि दम्यात नेमकं हेच होतं की दहा-पंधरा तासांत माणूस सावरतो नि घरी जातो. डॉक्टरला गळ घालून चोवीस तास भरा असं मी कधीच सांगणार नाही, पण डॉक्टर रात्रभर थांबा म्हणत असताना खोलीचं भाडं वाढेल म्हणून आपणच घरी जायची घाई करतो, ती करू नका. पहिल्या दिवशी सुटलेला पेशंट दुसऱ्या रात्री परत आलेला मी खूप वेळा बघितलाय.

दुसरं, आरोग्य संजीवनीत ॲम्ब्युलन्सची मर्यादा एका ॲडमिशनला २,००० रुपये आहे, ती कुठल्याही कंपनीची घ्या सारखीच, कारण २०२० मध्ये आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवरची नियामक संस्था) ती सगळ्यांना एकाच नमुन्यात आणायला लावली. म्हणजे सगळं सुरळीत झालं असतं तरी साडेनऊपैकी दोनच हजार मिळाले असते. शहरातल्या चार-पाच किलोमीटरला ते पुरतं, घाट उतरून-चढून नव्वद किलोमीटर जाणाऱ्याला पुरत नाही.

तिसरं वेटिंग. संजीवनीत आधीच्या आजाराला मुळात ४८ महिने होते, २०२४ च्या नव्या नियमांनी कमाल ३६ केले. तुमची सप्टेंबर २०२३ ची आहे, तर ३६ धरले तर या सप्टेंबरला संपतं आणि पावसाळा नेमका त्याच्या आधी येतो. कंपनीला ईमेल करा आणि "माझ्या पॉलिसीत दम्याचं वेटिंग कोणत्या तारखेला संपतं" एवढं एकच वाक्य लिहून लेखी उत्तर घ्या. फोनवरच्या उत्तराला काही किंमत नाही.

आता उपाय. काही कंपन्या दमा, डायबेटिस, बीपी, कोलेस्टेरॉल अशा ठरावीक आजारांसाठी जादा प्रीमियम घेऊन वेटिंग फार कमी करतात, काहींत ३० दिवसांवर आणतात, आणि अशाच बऱ्याच नव्या पॉलिसींत ॲम्ब्युलन्सचा खर्च जितका झाला तितका मिळतो. तुमच्यासाठी बघायची गोष्ट ही. एकदम नवीन काढू नका, आहे ती पोर्ट करा (दुसऱ्या कंपनीकडे हलवा), म्हणजे तुम्ही काढलेली अडीच-तीन वर्षं वेटिंगमधून वजा होतात. फक्त ती वजावट जुन्या तीन लाखांपुरती असते, वाढवलेल्या रकमेला वेटिंग नव्याने लागतं, हे एजंट सांगत नाहीत. पोर्टची सुरुवात रिन्युअलच्या दीड-दोन महिने आधी करा आणि नवीन कंपनीकडून लेखी होकार येईपर्यंत जुनी सोडायची नाही, कारण दमा बघून ते नाही म्हणू शकतात. रिन्युअलची तारीख चुकली तर भरायला तीस दिवसांचा ग्रेस असला तरी मधल्या दिवसांत आजारी पडलात तर कव्हर नसतं, हेही लक्षात ठेवा. एक बरं झालंय, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला, त्यामुळे जादा प्रीमियम थोडा तरी सोसवेल.

कागद पुरात गेले तर गेले. फॉर्मवर तसंच लिहा, लहानपणापासून दमा, २०१८ मध्ये ॲडमिट, कागद पुरात नष्ट. सध्याच्या डॉक्टरांकडून आजाराचा इतिहास आणि चालू औषधं लेटरहेडवर घ्या. कागद नाहीत म्हणून आजारच लिहायचा नाही, असं मात्र चुकूनही करू नका.

आणि मिस्टरांच्या पगाराच्या स्लिपवर ईएसआयसीची (कामगारांचा सरकारी विमा) ०.७५ टक्के कपात दिसते का बघा. कंत्राटी असले तरी २१,००० पर्यंत पगार असेल तर ती असायला हवी, आणि असेल तर बायकोही त्यात येते, आधीचा आजार म्हणून कुणी अडवत नाही आणि ॲम्ब्युलन्सची सोय त्या मेडिकल बेनिफिटमध्ये आहे. बऱ्याच घरांत कार्ड कपाटात पडून असतं नि कुणाला माहीत नसतं.

सिस्टर_कॅज्युअल्टी

मी तालुक्याच्या सरकारी हॉस्पिटलात कॅज्युअल्टीला आहे (कोकणातच, पण तुमच्या तालुक्यात नाही). काकांनी विम्याचं सांगितलं, मी गाडीचं सांगते कारण ८६ वाचून माझ्या पोटात गोळा आला.

ताई, ८६ ला थेट नव्वद किलोमीटरचा घाट नाही काढायचा हो. पहिल्यांदा १०८. महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, पैसे लागत नाहीत आणि गाडीत डॉक्टर असतो, हा मोठा फरक, खासगी गाडीत बहुतेक वेळा फक्त ड्रायव्हर आणि सिलिंडर. सुरुवातीला ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ मोठ्या म्हणजे व्हेंटिलेटर, मॉनिटर असलेल्या आणि ७०४ साध्या, पण साध्या गाडीतही ऑक्सिजन असतो. फोनवर घाबरून नुसतं "लवकर या" म्हणतात लोक, तसं नका करू. "दम्याची पेशंट आहे, एक वाक्य पूर्ण बोलता येत नाहीये, ऑक्सिजन ८६ आहे, अमुक गाव, अमुक मंदिराच्या पुढची वाडी" असं सांगा आणि घरातला एक माणूस बॅटरी घेऊन फाट्यावर उभा करा. हे वाक्य कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा, रात्री दोनला मिस्टरांना सुचणार नाही.

तुम्हाला कामथ्याचं उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे. आधी तिथे स्थिर करून घ्यायचं, मग पुढे पाठवायची गरज असेल तर तिथले डॉक्टर रेफरचं पत्र देतात, त्यावर वेळ, ऑक्सिजन किती, का पाठवतोय हे सगळं लिहिलेलं असतं. काका, हेच पत्र विम्यालाही लागतं ना? आमच्याकडे लोक ते पत्र पुढच्या हॉस्पिटलात देऊन मोकळे होतात, फोटोसुद्धा काढत नाहीत.

खासगी गाडी करायचीच वेळ आली तर बसायच्या आधी सिलिंडरचा काटा बघा. बी टाईप भरलेला असेल तर साधारण १,५०० लिटर असतो, मिनिटाला सहा लिटर सोडला तर चार तास जातो, अर्धा असेल तर दोनच. पावसात घाट धरून कऱ्हाडला अडीच-तीन तास सहज लागतात. म्हणजे अर्ध्या सिलिंडरवर वाटेतल्या पाटणच्या आसपास ऑक्सिजन संपणार. ड्रायव्हर "आहे आहे" म्हणतो, आपण काटा बघायचाच. आणि सिलिंडरला पट्टा लावून घ्यायचा, मिस्टरांनी तो हाताने धरायची वेळ यायला नको होती.

घरी स्पेसर (पंपाला लावायची नळी) आहे का? पंप स्पेसरमधून घेतला की औषध नीट आत जातं आणि त्याला लाईट लागत नाही. तुमच्या डॉक्टरांकडून लेखी प्लॅन घ्या, किती पफ, किती वेळाने, किती ऑक्सिजनला निघायचं. जास्तीचा एक भरलेला पंप मे महिन्यातच आणून ठेवा.

नांदेडचा_अमोल

माझ्या वडिलांचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा, तीन वर्षं झाली. ॲम्ब्युलन्स कव्हरबद्दल आम्ही जे भोगलं ते सांगतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आम्हाला वाटलेलं की डायलिसिसला चोवीस तासांची अट नाही, डे केअरमध्ये येतं, मग नेण्या-आणण्याचा खर्चपण मिळेल. नाही मिळत. पॉलिसीचं वर्डिंग वाचलं तर तिथे इमर्जन्सी लिहिलंय, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी जाणं ही इमर्जन्सी नाही. घरी परत आणायचंही नाही. महिन्याला बारा फेऱ्या, येऊन-जाऊन. शेवटी एका रिक्षावाल्या भाऊंशी महिन्याचं ठरवलं, तेच वडिलांना हाताला धरून वर नेतात.

पण खरं दुखणं वेगळं आहे. पॉलिसी काढताना एजंट म्हणाला शुगर लिहू नका, प्रीमियम वाढेल, चार वर्षं काढली की कुणी विचारत नाही. आम्ही ऐकलं. तिसऱ्या वर्षी वडिलांना श्वास लागला, फुप्फुसात पाणी, रात्री कार्डिॲक ॲम्ब्युलन्सने हैदराबादला हलवलं, गाडीचेच तीस हजार. कंपनीने जुनी प्रिस्क्रिप्शनं काढली, २०१६ पासून शुगरची गोळी चालू दिसली आणि हॉस्पिटल, ॲम्ब्युलन्स सगळं शून्य, वर पॉलिसी रद्द. विमा लोकपालाकडेही (विम्याच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) गेलो, पण फॉर्मवर वडिलांची सही होती आणि समोर शुगर नाही असं लिहिलेलं होतं, काय बोलणार. वडील त्या सुनावणीनंतर मला म्हणाले "सही माझीच आहे रे". अजूनही कधीकधी जेवता जेवता ते वाक्य काढतात.

म्हणून ताई, तुम्ही दमा लिहिलाय हे फार मोठं काम केलंय, त्याच जोरावर पुढे भांडता येईल. सलग ६० महिने झाले की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला जुनं उकरता येत नाही हा नियम आता आहे, आधी आठ वर्षं होती, पण त्या भरवशावर कुणी लपवू नका. पाच वर्षं आजार थांबून राहत नाही.

आणि क्लेम अन्यायाने नाकारला असं वाटलं तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी, महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, तुम्हाला पुण्याचं ऑफिस. फी नाही, वकील नाही, वर्षाच्या आत जायचं. आमचा निकाल विरोधात गेला तरी सांगतो, त्या माणसांनी आमचं नीट ऐकून घेतलं.

मेलबर्नची_अनघा

ताई तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझ्या मुलीला टाईप वन डायबेटिस आहे, आम्ही व्हिक्टोरिया राज्यात राहतो. इथे सरकारी मेडिकेअरमध्ये डॉक्टर, हॉस्पिटल येतं पण ॲम्ब्युलन्स येत नाही, हे इथे आलेल्या आपल्या लोकांना माहीतच नसतं आणि एका फेरीचं बिल हजार डॉलरच्या वर येतं. त्यामुळे इथे तुम्ही म्हणताय तशी खरंच नुसती ॲम्ब्युलन्सची वार्षिक मेंबरशिप मिळते, ॲम्ब्युलन्स व्हिक्टोरियाचीच. आजार असो नसो, फी तीच. पेन्शन कार्ड, हेल्थ केअर कार्ड असलेल्यांना फुकट. इथल्याच क्वीन्सलँड राज्यात तिथल्या रहिवाशांना मेंबरशिपही लागत नाही, सरकारच भरतं.

मुलगी एकदा रात्री बेशुद्ध पडली तेव्हा फोन उचलताना मनात पैशाचा विचार आला नाही, मी एवढंच सांगेन. आपल्याकडे जुनाट आजारवाल्यांना अशी साधी वर्षाची वर्गणी भरून मोकळं होता यावं असं फार वाटतं. इथे राहणाऱ्या कुणी हे वाचत असेल तर आईवडील व्हिजिटवर येताना त्यांच्या पॉलिसीत ॲम्ब्युलन्स आहे का आणि आधीचे आजार धरलेत का हे तिकीट काढायच्या आधी बघा.

कोकणची_लेक

सगळ्यांचे किती आभार मानू. अमोल भाऊ, बाबांना माझा नमस्कार सांगा.

पंधरा दिवसांत झालं ते लिहिते. ईमेल केला, उत्तर आलं, वेटिंग ३६ महिनेच धरलंय, सप्टेंबरला संपतं. पोर्टसाठी दोन कंपन्यांना विचारलंय, एकीने दमा म्हटल्यावर छातीचा एक्स-रे आणि फुंकायची टेस्ट सांगितली, ती चिपळुणात झाली, दुसरीने अजून कळवलं नाही. फॉर्मवर काकांनी सांगितलं तसंच लिहिलं, पुराचंही लिहिलं. मिस्टरांच्या स्लिपवर ईएसआयसी कापतात! कार्ड कंत्राटदाराकडेच पडलेलं, सोमवारी आणतील, त्यात माझं नाव घालायचंय. स्पेसर आणला, दोन पंप आणून ठेवले. सिस्टर, तुमचं वाक्य लिहून फ्रिजवर लावलंय, मुलीने मोठ्या अक्षरात लिहिलं, तिला पाठही झालंय.

त्या ॲम्ब्युलन्सवाल्याकडेही जाऊन आले, स्वभावाने चांगला आहे तो, म्हणाला कुणी पावती मागतच नाही म्हणून ठेवत नाही. आता पावतीबुक छापून घेतो म्हणाला. एकच विचारायचं राहिलं, त्याच्या पावतीवर नक्की काय काय हवं? तो छापायला देतोय तर एकदाच नीट होऊ दे.

क्लेमवाले_काका

वा ताई, मन भरून आलं वाचून. हो, सिस्टर, रेफरचं पत्र विम्याला लागतंच, एका हॉस्पिटलातून दुसरीकडे हलवलं तर डॉक्टरने लेखी सांगितलं होतं का हेच आधी बघतात.

पावतीवर वर ॲम्ब्युलन्सवाल्याचं नाव, पत्ता, फोन आणि पावती नंबर. मग गाडीचा नंबर, आरटीओकडे ॲम्ब्युलन्स म्हणून नोंद असलेलाच, साध्या व्हॅनवर दिवा लावलेली चालत नाही. पेशंटचं पूर्ण नाव पॉलिसीवर आहे तसंच. कुठून कुठे, निघाल्याची आणि पोचल्याची वेळ, किलोमीटर. भाडं आणि ऑक्सिजनचे पैसे वेगवेगळ्या ओळीत, एकत्र लिहिले की क्लेमवाला शंका काढतो. भाडं आरटीओने ठरवून दिलेल्या दरात आहे ना तेही त्याला विचारा, तो दरफलक गाडीत लावलेला असायला हवा. खाली सही आणि शिक्का. आणि जीपे त्याच नावाच्या खात्यावर करा, पावती एकाची नि पैसे दुसऱ्याला असं दिसायला नको.

कोकणची_लेक

शिक्का नाहीये त्याच्याकडे, सांगते बनवायला. त्याच्या खात्याचा क्यूआर गाडीतच चिकटव म्हणून पण सांगते. गाडीची आरसी बघितली, ॲम्ब्युलन्स लिहिलंय. आणि सिलिंडरला पट्टा बसवून घेतलाय त्याने, मला दाखवला.